गवंड्याचा अंगठा

इंग्रजी नाटक म्हटलं की प्राध्यापक लोक शेक्सपिअरची आरती सुरू करतात. मी बेन जॉन्सनवर बोलणार. बाप जन्माआधीच मेला, सावत्र बाप गवंडी. वेस्टमिन्स्टरच्या शाळेत पोरगा लॅटिन शिकला. मग शिक्षण सुटलं, हातात थापी आली. ते काम त्याला सोसेना. फ्लँडर्सच्या लढाईवर गेला, परत येऊन नाटकवाला झाला.

१५९८ साली तलवारीच्या झुंजीत त्यानं गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला ठार केलं. शिक्षा फाशीच. पण कायद्यात पळवाट होती. लॅटिन बायबलातलं वचन वाचून दाखवील त्याची फाशी टळे. मूळ सवलत पाद्र्यांची, नंतर वाचता येणाऱ्या कुठल्याही पुरुषाला मिळू लागली. जॉन्सननं वाचलं. मालमत्ता जप्त, अंगठ्यावर डाग, आणि सुटका. त्याच गुन्ह्यातला निरक्षर मात्र लटकायचा. अक्षराची ही किंमत तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको.

वैऱ्यांनी त्याची वीट शेवटपर्यंत काढली. १६०१ साली डेकरनं तर भर नाटकात. तरी त्यानं 'व्होल्पोनी' लिहिलं: मरणाचं सोंग घेतलेला धनिक आणि त्याच्या इस्टेटीवर टपलेली गिधाडं! बाजाराचं असं नागडं चित्र मी दुसरं वाचलं नाही.

१६०५ साली स्कॉटिश राजा जेम्सच्या लोकांची टिंगल केली म्हणून हाच माणूस तुरुंगात होता. १६१६ साली त्याच राजाकडून वर्षासन घेतलं. दरबारासाठी तो राजाला देव करणारे खेळ लिहीत राहिला. इथं माझं त्याच्याशी भांडण आहे.