आम्ही अंकोरची देवळे पाहिली



आज पाट्या बाजूला ठेवा. आज आम्ही तुम्हांला एका लांबच्या देशाची हकिगत सांगणार आहोत. आम्ही पाच जण तिकडे जाऊन आलो. तिथली जुनी देवळे पाहिली, तिथल्या एका घरी जेवलो, आणि येताना एक कागद घेऊन आलो. त्या कागदाचे मागाहून सांगू.

देशाचे नाव कंबोडिया. आपल्या देशाच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. तो ओलांडला की ब्रह्मदेश. त्याला आता म्यानमार म्हणतात. मग थायलंड, म्हणजे पूर्वीचे सयाम. त्याला लागून कंबोडिया. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा देश. मे ते ऑक्टोबर पाऊस, बाकीचे सहा महिने कोरडे. मुख्य पीक भात. म्हणजे आभाळाकडे डोळे लावून बसणारी माणसे तिथेही आहेतच. तिथल्या लोकांना ख्मेर म्हणतात. नाव जिभेला जरा अडखळते, पण सवयीने जमते.

आम्ही सिएम रीप नावाच्या गावी उतरलो. देवळे तिथून जवळच आहेत. आमच्याबरोबर एक वाटाडे होते. वय पंचावन्न-छप्पन. गळ्यात चौकड्यांचे सुती उपरणे. त्याला तिकडे क्रमा म्हणतात. घाम पुसायला तेच, डोक्याला बांधायला तेच, मूल झोळीत घ्यायलाही तेच. आपल्या पंच्याचा भाऊ म्हणा ना.

वाटाड्यांनी हात जोडून नमस्कार केला. आम्हांला नवल वाटले. तर ते हसून म्हणाले, "आमची तऱ्हाही हीच. आणि पुष्कळ शब्दही तुमच्याकडचेच." मग त्यांनी एकेक शब्द सांगितला. अंकोर म्हणजे 'नगर'. बोलता बोलता नगरचे अंकोर झाले. वाट म्हणजे देवळाचे आवार. आपला 'वाडा' त्याच कुळातला. गुरुजींना ते 'क्रू' म्हणतात, म्हणजे गुरू. आणि शाळेला काय म्हणतात ठाऊक आहे? 'साला'! हसू नका. 'शाला' या शब्दाचेच ते रूप. आपण शाळा केली, त्यांनी साला केली.

पहिल्या दिवशी पहाटे अंधारातच अंकोर वाटला गेलो. देवळात जायचे तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, असा तिथला नियम आहे. आमच्यातल्या एकाची विजार आखूड होती. त्याला बाहेरच्या बाईकडून लुंगीसारखे कापड विकत घ्यावे लागले. दिवसभर तो ते सावरत होता.

उजाडले आणि समोर पाच कळस दिसले. काय सांगावं मंडळी! मधला कळस जमिनीपासून ६५ मीटर उंच आहे, म्हणजे दोनशे फुटांहून जास्त. हे देऊळ दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात बांधायला घेतले. देव विष्णू. पुढे लोक बुद्धाचे झाले, आणि देऊळही बुद्धाचे झाले. आजही तिथे भगव्या वस्त्रांतले भिक्षू दिसतात. देवळाभोवती चौकोनी खंदक आहे. रुंदी सुमारे १९० मीटर. भोवतालून फेरी मारायची तर पाच किलोमीटरांहून जास्त चालावे लागते.

आम्हांला वाटले, खंदक शत्रूसाठी असेल. वाटाडे म्हणाले, "त्याचे आणखी एक काम आहे. देऊळ वाळूच्या जमिनीवर आहे. वाळू ओली असली की घट्ट बसते. कोरडी पडली की सरकते. खंदकात पाणी आहे तोवर खालची वाळू ओली राहते, आणि वरचा डोंगराएवढा दगड जागेवर राहतो." आता गावात हॉटेले पुष्कळ झाली. ती जमिनीतले पाणी उपसतात. म्हणून जाणत्या लोकांना देवळाच्या पायाची काळजी लागून राहिली आहे.

आत शिरल्यावर लांबच लांब ओवऱ्या आहेत. भिंतींवर कोरीव चित्रे. वाटाडे म्हणाले, "चला, भिंत वाचू या." ते दर वेळी 'वाचू या' असेच म्हणत. 'बघू या' कधी म्हणाले नाहीत.

आणि खरोखर ती भिंत आम्हांला वाचता आली! अहो, ते तर कुरुक्षेत्र! रथ, हत्ती, पायदळ, आणि बाणांनी विंधलेले भीष्माचार्य. दुसऱ्या भिंतीवर लंकेची लढाई. वानर राक्षसांना कडकडून चावताहेत. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, ४९ मीटर लांब. वासुकीची दोरी, एका अंगाला ९२ असुर, दुसऱ्या अंगाला ८८ देव. सगळ्यांचे पाय एका तालात रोवलेले. रस्सीखेच खेळताना आपली पोरे रोवतात ना, तसेच. खाली मासे, मगरी घुसळून निघाल्या आहेत. एका भिंतीवर यमाचा दरबार आहे. यम रेड्यावर बसलेला. पापी माणसांना नरकात ढकलताहेत, आणि कोणत्या नरकात कोण, ते वर बारीक अक्षरांत खोदले आहे. शेकडो वर्षे लोकांनी हात फिरवून काही चित्रे काळीभोर, गुळगुळीत झाली आहेत. आता हात लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

या देवळाच्या डागडुजीला आपल्या देशानेही हात लावला आहे. १९८६ ते १९९३ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे राबत होते. तेव्हा त्या देशात पुरती शांतता नव्हती. पुढे काहींनी आपल्या लोकांच्या दगड धुण्याच्या पद्धतीला नावे ठेवली. पण त्या दिवसांत तिथे जायला तयार कोण होते, हेही पाहिले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बायोन पाहिले. ते सातव्या जयवर्मन राजाचे. तो ११८१ मध्ये गादीवर बसला. या देवळाच्या बुरुजांवर चारी बाजूंनी दगडाचे मोठाले चेहरे आहेत. डोळे मिटलेले, ओठांवर जरासे हसू. लोक त्या चेहऱ्यांसाठी जातात. आम्हांला मात्र खालची भिंत जास्त आवडली. तिथे देव कमी आणि माणसे जास्त. बाजार भरला आहे. बाई तराजूत तोलते आहे. कोंबड्यांची झुंज लागली आहे आणि पैजा लावणारे ओरडताहेत. चुलीवर हंडा चढला आहे. एक बाई बाळंत होते आहे. बैलगाडीत बिऱ्हाड चालले आहे. त्या गाडीची चाके पाहून आमच्यातले एक शेतकरी दादा तिथेच उकिडवे बसले. उठेनात! म्हणाले, "आठशे वर्षांपूर्वीचा गाडीवान, पण कासरा अगदी आमच्यासारखा धरलाय."

तिसरे देऊळ ता प्रोम. ता म्हणजे आजोबा, प्रोम म्हणजे ब्रह्म. इथे झाडांनी देवळाला मिठी मारली आहे. छपरावर झाड, आणि त्याची मुळे अजगरासारखी भिंतीवरून खाली उतरलेली. झाड तोडले तर भिंत पडेल, आणि ठेवले तरी एक दिवस पडेल. इथेही आपल्या पुरातत्त्व खात्याने बरीच वर्षे काम केले आहे.

या देवळात ११८६ सालचा एक शिलालेख सापडला. संस्कृतात आहे. त्यात देवळाचा सगळा हिशेब आहे. तांदूळ किती, वस्त्रे किती, सगळे. देवळाच्या सेवेला ३,१४० गावे लावून दिली होती, आणि त्यांत सुमारे ८० हजार माणसे होती. त्याच लेखात १०२ दवाखान्यांचाही उल्लेख आहे. हे ऐकून आमच्यातले एक म्हणाले, "केवढा पुण्यवान राजा!"

शेतकरी दादा गप्प होते. मग हळूच म्हणाले, "एवढ्या गावांचा भात जर इथं येत होता, तर गावांत काय उरत होतं?"

आम्ही तो प्रश्न वाटाड्यांना विचारला. ते थोडे थांबले. म्हणाले, "ते दगडावर लिहिलेलं नाही. लिहिणारे राजाचे होते. गावातल्या माणसाला लिहिता येत नव्हतं."

हे शब्द आमच्या मनात घर करून राहिले.

मग त्यांनी आम्हांला तलाव दाखवला. पश्चिमेचा बाराय. आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद. जमीन खणून नव्हे, चारी बाजूंनी मातीचे बांध घालून केलेला. हजार वर्षे झाली, अजून त्याच्या बऱ्याच भागात पाणी असते. असे तलाव, कालवे, बांध यांच्या जोरावर ते नगर उभे होते. चौदाव्या शतकात मोठे दुष्काळ पडले. मधेच पाऊस असा कोसळला की कालवे फुटले, गाळाने भरले. त्यात सयामच्या फौजा चालून आल्या. १४३१ मध्ये त्यांनी नगर घेतले. हळूहळू राजा दक्षिणेला निघून गेला. राजवाडे लाकडाचे होते, तसेच लोकांची घरेही. ती कुजून गेली. दगडाची घरे फक्त देवांना होती, म्हणून तेवढीच उरली.

एका दुपारी तोन्ले साप नावाचे सरोवर पाहिले. तिथली नदी उन्हाळ्यात सरोवरातून बाहेर वाहते. पावसाळ्यात मोठी मेकाँग नदी एवढी फुगते, की तीच नदी उलटी फिरून सरोवरात शिरते. सरोवर चौपट-पाचपट पसरते. घरे उंच खांबांवर, खाली होड्या. मासे अमाप. मासे आंबवून ते 'प्रहोक' करतात. वासाने आमचे डोळे पाणावले, पण भाताबरोबर चव बरी लागते.

देवळांच्या वाटेवर एके ठिकाणी काही माणसे वाद्ये वाजवत बसली होती. कोणाला पाय नव्हता, कोणाला हात. लढायांच्या काळात पुरलेले सुरुंग शेतात नांगर धरताना, गवत कापताना फुटले, त्यांत हे जायबंदी झाले. ते सुरुंग अजून निघताहेत. वासावरून ते हुडकायला आफ्रिकेतले मोठे उंदीर शिकवून तयार केले आहेत. खोटं वाटतं ना? पण आहे खरं. उंदीर हलका असतो, त्याच्या वजनाने सुरुंग फुटत नाही.

तिथे लहान मुले चित्रांची कार्डे विकायला आली. आम्ही घेणार, तोच वाटाड्यांनी थांबवले. "घेऊ नका. घेतलीत तर उद्या ही शाळेत जाणार नाहीत." आम्हांला ते जरा कठोर वाटले. कारण संध्याकाळी कळले.

संध्याकाळी ते आम्हांला आपल्या घरी जेवायला घेऊन गेले. घर लाकडी, खांबांवर उभे. खाली गाय बांधलेली. घरात त्यांची आई. वय ऐंशीच्या जवळ. शेजारपाजारचे त्यांना 'नेआक क्रू' म्हणत होते, म्हणजे मास्तरीणबाई. जेवण झाल्यावर आजी बोलल्या. मुलगा आम्हांला समजावून सांगत होता.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज नावाच्या पक्षाच्या फौजेने देश ताब्यात घेतला. पुढारी पोल पॉट. त्यांनी शहरे रिकामी केली. सगळ्यांना शेतात जुंपले. पैसा बंद, बाजार बंद, पूजा बंद, शाळा बंद. शिकलेला माणूस त्यांना शत्रू वाटे. डोळ्यांवर चष्मा दिसला तरी संशय घेत. पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसे भुकेने, आजाराने, माराने गेली. दर चार-पाच माणसांमागे एक.

आजी आणि त्यांचे यजमान, दोघेही शाळेत शिकवत होते. फौजेच्या माणसांनी विचारले, काय करत होता? यजमानांनी खरे सांगितले. त्यांना नेले. ते परत आले नाहीत. आजींनी सांगितले, "मी भाजी विकत होते."

त्यांच्यावर विश्वास बसला नाही. एक दिवस एका जवानाने छापील कागद त्यांच्या हातात दिला. म्हणाला, "वाच." आजींनी कागद घेतला, आणि उलटा धरला. डोके खाली, पाय वर. बराच वेळ तशाच बघत राहिल्या. जवान हसला आणि निघून गेला.

"जीव वाचला," आजी म्हणाल्या. "पण त्या कागदावर काय होतं, ते मी एका नजरेत वाचलं होतं. डोळ्यांना कसं सांगणार, की वाचू नका?"

पुढची साडेतीन वर्षे त्यांनी कोणासमोर एक अक्षर काढले नाही. मुलाला तर मुद्दामच शिकवले नाही. लहान मूल, कुठे बोलून बसले तर? ७ जानेवारी १९७९ रोजी ती राजवट गेली. झाडाखाली शाळा सुरू झाल्या. वह्या नाहीत, खडू नाही. शिकवायला माणसे नाहीत, कारण मेली होती. आजींना बोलावणे आले. पहिल्या वर्गात स्वतःचा मुलगा, नऊ वर्षांचा. त्यांनी त्याला वाळूत बोटाने पहिले अक्षर काढून दिले. तो रडायला लागला. त्याला वाटले, आता आईला नेतील.

हे सांगताना आमचे वाटाडे खाली बघत होते.

निघताना आम्ही एका कागदावर आपल्या लिपीत 'अक्षर' हा शब्द लिहून आजींना दिला. त्यांच्या भाषेतही तोच शब्द आहे. ते 'आक्सो' म्हणतात. त्यांची लिपीही मूळ दक्षिण भारतातल्या जुन्या लिपीवरून आली. वरची रेघ नाही, अक्षरांच्या डोक्यावर केसांच्या बटेसारखी वळणे. आजींनी कागद घेतला. आधी तो उलटा धरला. आमच्याकडे बघून मिस्कील हसल्या. मग सरळ केला आणि खाली त्यांच्या लिपीत तोच शब्द लिहिला.

हाच तो कागद. वरची ओळ आमची, खालची आजींची. हातोहात फिरवा. घडी आहे तिथे जरा जपून धरा, तिथे विरलाय.