बाण वर दाखवायलाय

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)

तिसऱ्या बाकावरच्या माझ्या मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. तो मी परस्पर बदलला, त्याबद्दल आधीच माफी मागते. कारण आपल्या बॅचचा ग्रुप. सुरुवातीला त्यावर जुने फोटो यायचे, मग मुलांचे दहावी-बारावीचे निकाल आले. आता सुप्रभातच्या फुलांमागोमाग रक्ताच्या रिपोर्टचे फोटो येतात. खाली एकच ओळ असते : “बघ की गं, बाण वर दाखवायलाय. भ्यायचं काही आहे का?”

मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे. पण पुण्यात सात वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. तुम्हाला घाबरवणारा तो बाण छापण्याचा प्रोग्राम मीही लिहिलेला आहे. त्यामुळे बाणाबद्दल बोलायचा थोडा हक्क मला पोचतो.

बाकीचं ज्ञान उसनं आहे. लातूरला एक पॅथॉलॉजिस्ट आहेत, आपल्याच शाळेच्या, माझ्या चार वर्षं पुढे होत्या. नाव घ्यायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून नुसतं ताई म्हणते. ग्रुपवरचे प्रश्न कागदावर उतरवून मी एक अख्खी दुपार त्यांच्यापुढे बसले. ताई म्हणाल्या, “पेशंटला सर्जन आठवतो, नर्सबाई आठवतात, डबा आणणारा शेजारी आठवतो. आम्हाला कुणी बघतच नाही. तू विचारायला आलीस, हेच खूप झालं.”

पहिला प्रश्न सगळ्यात साधा. “उपाशीपोटी या म्हणतात, मग पाणी प्यायचं का?” प्यायचं. साधं पाणी चालतं. आठ-दहा तास अन्न नको. चहा नको, बिनसाखरेचाही नको, आणि तंबाखूची चिमूटही नको. रोजची गोळी घ्यायची की नाही, हे ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना आदल्या दिवशीच विचारायचं.

दुसरा प्रश्न आमच्या आत्याचा. “एवढं रक्त काढतेत, अशक्तपणा येईना का?” मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. एका नळीत जातं दोन-तीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. रक्तदानात ३५० मिलिलिटर देऊन माणूस दुपारी कामाला जातो. आत्याला हे पटलं नाही, पण तिनं हात पुढे केला.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं. तपासणीआधी दोन दिवस गोड बंद केलं तर काय बिघडलं?

इथे मला माझ्या वडिलांबद्दल बोलायचं आहे. अण्णांनी आयुष्यभर आडतीवर मुनिमकी केली. दुसऱ्याच्या हिशेबात कधी एक रुपया चुकू दिला नाही. मधुमेह निघाल्यावर दर दोन महिन्यांनी साखर तपासायचे आणि रिपोर्ट तारीखवार फायलीत लावायचे. उपाशीपोटीची साखर कधी ११०, कधी ११५. फाईल बघून आम्ही खूश. तपासणीच्या दोन दिवस आधी ते नुसत्या भाकरी-भाजीवर राहायचे आणि गोळी न चुकता घ्यायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बाकीचे दिवस आडतीवर चहा, लग्नाच्या पंगती आणि विसरलेल्या गोळ्या. मग डाव्या पायाला चप्पल चावली आणि ती जखम भरेचना. तेव्हा पहिल्यांदा त्यांची तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, तपासली. ती निघाली १०.४. पायाची दोन बोटं काढावी लागली.

ही तपासणी अशी चालते. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. जितकी साखर जास्त, तितकी चिकटलेली जास्त. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब तिच्यावर लिहिलेला असतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या वर मधुमेह. उपाशीपोटीची साखर म्हणजे घटक चाचणी, आदल्या रात्री पाठांतर करून पास होता येतं. एचबीएवनसी म्हणजे वर्षभराच्या वह्या. सरांनी वह्या मागितल्या की आपली कशी गाळण उडायची, आठवतं ना?

ताईंनी यात एक गोष्ट जोडायला सांगितली. अंगात रक्त कमी असेल, लोहाची कमतरता असेल, तर हा आकडाही खरा असेलच असं नाही. आपल्या बायकांत ते नेहमीचंच. म्हणून दोन्ही तपासण्या आणि हिमोग्लोबिन एकत्र बघायचं.

अण्णा आता सगळं पथ्य पाळतात. मला एकदा म्हणाले, “मी लॅबवाल्याला फसवत होतो असं मला वाटायचं.”

आता बाण. प्रत्येक तपासणीपुढे ‘इतके ते इतके’ असा आकडा छापलेला असतो. बहुतेक तपासण्यांत तो कसा ठरतो? बऱ्याच निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे उरलेले पाच टक्के ठणठणीत असूनही पट्ट्याबाहेर जातात. आता स्वस्तातलं पॅकेज घेऊन वीस तपासण्या केल्या तर? ढोबळ गणित मांडलं तर पूर्ण निरोगी माणसालाही कुठे ना कुठे एखादा बाण लागण्याची शक्यता शंभरात चौसष्ट येते. आपल्या गणिताच्या सरांना ताळा करून बघता येईल : ०.९५ चा विसावा घात काढायचा आणि एकातून वजा करायचा.

बाण काढणाऱ्या प्रोग्रामला तुम्ही दिसत नसता. त्याला दोन आकड्यांतलं लहान-मोठं तेवढं कळतं. माझीच चूक सांगते. अर्जात वय भरलं नसेल तर माझा प्रोग्राम माणूस प्रौढ धरायचा. दहा वर्षांच्या एका मुलाचा रिपोर्ट निघाला, अल्कलाइन फॉस्फटेजवर बाण वर. वाढत्या वयात हाडं वाढत असतात, तेव्हा हा आकडा मोठ्या माणसांपेक्षा जास्तच असतो. पण आईबापांच्या मनात लिव्हर भरलं आणि ते दोन रात्री झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आमची ओळख त्या फोनवर झाली आणि ते बोलणं मला इथे सांगता येणार नाही. तेव्हापासून तो प्रोग्राम वय भरल्याशिवाय पुढेच जात नाही. म्हणून काउंटरवर वय विचारलं तर ‘लिहा अंदाजे’ म्हणू नका. दिवस गेलेले असतील तर तेही सांगा, कारण गरोदरपणात कितीतरी आकडे बदलतात.

“दोन लॅबचे दोन आकडे का?” हा पुढचा प्रश्न. हिमोग्लोबिन इथे ११.२ आणि तिथे ११.६ आलं तर तो फरक नव्हे. एकाच नळीतलं रक्त एकाच मशीनवर दोनदा लावलं तरी थोडा फरक पडू शकतो. मोठा फरक मात्र वाटेत पडतो. शिरूरला काढलेलं रक्त लातूरला पोचेपर्यंत पेशी जिवंत असतात आणि नळीतली साखर खात असतात, दर तासाला साधारण पाच ते सात टक्के. म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची वेगळी नळी असते, त्यातलं औषध हे खाणं कमी करतं. मे महिन्याच्या उन्हात नमुने पिशवीत घालून नेले, पेशी फुटल्या, की पोटॅशियमचा आकडा उगाच वाढतो. तेव्हा नमुना कुठे जाणार आणि कसा नेणार, हे विचारायला लाजू नका.

आता पेशी. आपल्याकडे ताप आला की पहिला प्रश्न, “पेशी किती?” आणि ज्यांना आपण पांढऱ्या पेशी म्हणतो त्या बहुतेक वेळा पांढऱ्या नसतातच, त्या प्लेटलेट असतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त गोठवतात. दोन्ही वेगळ्या. प्लेटलेट नॉर्मल दीड ते साडेचार लाख. मागच्या पावसाळ्यात आपल्यातल्याच एकाच्या मुलाला ताप आला. रिपोर्टमध्ये प्लेटलेट ४२ हजार. घरात रडारड, पपईच्या पानांचा रस, रात्रीतून गाडी. मुलगा मात्र मागच्या सीटवर मोबाईल बघत बसलेला. ताईंनी काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरली तर प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यानं काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, आकडा आला १ लाख ९० हजार.

पण यावरून कमी आकडा खोटाच असतो असं धरू नका. डेंग्यूत प्लेटलेट खरंच उतरतात. पोटात सारखं दुखणं, उलट्या, कुठूनही रक्त येणं, लेकरू सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

यातूनच सहीचा प्रश्न येतो. रक्त घेणारा, मशीन चालवणारा टेक्निशियन कामाचा माणूस, त्याच्याशिवाय लॅब चालत नाही. पण पुंजका बघून ‘हे खरं नाही, पुन्हा घ्या’ म्हणायला पॅथॉलॉजिस्ट लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं : लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. आता रिपोर्ट हातात आला की बाणाच्या आधी खालची सही बघा. नाव आहे का, पदवी आहे का, नोंदणी क्रमांक आहे का? आणि त्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट खरंच पाहिला का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मशीनच्या आणि ठरावीक तपासणीच्या पुढे बघणाऱ्या माणसाचं मोल काय, याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे लोक आढळले, की साध्या तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ दिसे, पण ओ गटाचं रक्त त्यांना जुळत नसे. त्यांनी ते १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं आणि जगभर त्या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव पडलं. अशा माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. तेव्हा रक्त चढवण्याआधी ‘गट माहीत आहे, मग जुळवणी कशाला, उशीर कशाला’ म्हणून रक्तपेढीत भांडू नका. ती जुळवणी जीव वाचवते.

शेवटचा प्रश्न मला ग्रुपवर नाही, एकटीला विचारला गेला होता. आपल्या वर्गात एक मुलगी होती, फळ्यावर सुविचार लिहायची. तिचं अक्षर आठवतंय? नाव घेत नाही. सहा वर्षांपूर्वी तिचा फोन आला. छातीत गाठ लागत होती, सुपारीएवढी. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली होती आणि घरच्या जाणत्या बायकांनी सांगितलं होतं, गाठीला सुई लावली की ती पसरते. तिनं मला विचारलं, “खरं असतं का गं?” मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, विचारून सांगते. विचारायचं राहून गेलं. तिनंही पुन्हा विचारलं नाही. वर्षभर कुणाचातरी लेप लावत राहिली. आज त्या तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी आहे.

त्या दुपारी मी ताईंना तोच प्रश्न सहा वर्षं उशिरा विचारला. त्या म्हणाल्या, “ती सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते. छातीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, त्या नाहीत हे कळायलाही सुईच लागते. सुई लावल्यानं छातीची गाठ अंगभर पसरत नाही. अगदी मोजक्या ठिकाणी सुई घालायची नसते, तिथे डॉक्टर स्वतःच घालत नाहीत. कॅन्सर पसरतो तो थांबल्यानं. आणि हे सुई लावलेल्या गाठीबद्दल का बोललं जातं माहितेय? बायका उशिरा येतात, तोवर तो पसरलेला असतो, आणि नाव सुईचं होतं.”

मैत्रिणींनो, एवढी एकच गोष्ट घरी घेऊन जा. अंगात कुठेही गाठ लागली, दुखत नसली तरी, दाखवा. न दुखणारी गाठ साधीच असते असं नाही. सरकारी दवाखान्यांत बऱ्याच तपासण्या मोफत आहेत, लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पैशाचं कारण आड येऊ देऊ नका, आणि लाजेचं तर नाहीच.

शाळेनं आपल्याला गुणपत्रिका वाचायला शिकवलं. लाल रेघ आहे का तेवढं बघायचं आणि घडी घालून खिशात ठेवायचं. रिपोर्ट आपण तसाच वाचतो. अण्णांना लाल रेघ नको होती, म्हणून त्यांनी कागद पास करून घेतला. माझ्या मैत्रिणीला लाल रेघेची भीती होती, म्हणून ती परीक्षेलाच बसली नाही. तेव्हा जुने रिपोर्ट एका फायलीत ठेवा, जे खाता-पिता ते खरं सांगा, आणि कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा. निघण्याआधी विचारा, “यातून काय कळलं, आणि आता काय करायचं?”

ग्रुपवर फोटो टाकले तरी चालतील. मी वाचते आणि ताईंना विचारते. आता त्याच दिवशी विचारते.