वळणाआधी वेग आवरा, हेल्मेट घाला

ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याच्या वळणावर पाचट, खडी, चिखल पडलेला असतो. दुधाचे कॅन लावून मोटारसायकल काढताना एवढं ध्यानात ठेवा.

वेग वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना कमी करा. वेग दुप्पट झाला की गाडीला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. डाव्या वळणावर मग गाडी रस्त्याच्या मधोमध जाते, अन् नेमका समोरून ट्रॅक्टर येतो. गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, चाक घसरते. नजर वळण संपते तिकडे ठेवा. अर्धवट भरलेल्या कॅनमधले दूध हिंदकळते आणि तोल जातो. दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवा.

डेअरी जवळच आहे, हेल्मेट कशाला, असं म्हणू नका. आय.एस.आय. शिक्क्याचे हेल्मेट घ्या, हनुवटीखाली पट्टा आवळा. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने लागते. जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदला. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घाला.

दूध पाच मिनिटं उशिरा पोचलं तरी चालेल, माणूस धड घरी आला पाहिजे.