वकीलपत्रावर अंगठा देण्यापूर्वी
(नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका कागदाविषयी बोलणार आहोत. तो कागद म्हणजे वकीलपत्र. जमिनीचा खरेदीखताचा कागद आपण दहा जणांना दाखवितो, पण हा कागद कोणासही न दाखविता, न वाचता, कारकुनाने बोट धरून दाखविले तेथे अंगठा उठवून मोकळे होतो.

प्रथम आमच्या घरचीच गोष्ट सांगतो, म्हणजे हा दुसऱ्यावर केलेला टोमणा आहे असे कोणास वाटणार नाही. आमच्या चुलत्यांचा बांधाचा दावा होता. वकिलाच्या कारकुनाने वकीलपत्राबरोबर चार कोऱ्या कागदांवरही अंगठे घेतले आणि सांगितले, "बाबा, तारखेला हेलपाटे घालू नका, आम्ही आहोत." चुलत्यांना हायसे वाटले. पुढे तीन वर्षांनी मोजणीदार आला तेव्हा कळले की, दाव्यात तडजोडीची पुरशीस दाखल होऊन हुकूमनामाही झाला आहे. पुरशिशीवर अंगठा चुलत्यांचाच! विहिरीकडची अर्धा एकर गेली. आम्ही सर्व जण गप्प बसलो, कारण वकिलावर कोठे तक्रार करता येते हेच आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. ही लाज आम्हाला आजही वाटते.

आता मागे पाहा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला व तो आपल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. लोकांनी सावकारांच्या घरांतून काय मागितले? मुख्यतः रोखे, हुकूमनामे आणि खाती. ती हाती आली की चौकात जाळली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा व्हायचा आणि कुणब्याचा अंगठा नव्याने उठायचा. दावा लागला की कुणबी कोर्टात जातच नसे, आणि निकाल एकतर्फी होई. दंग्यानंतर सरकारने कमिशन बसविले आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यात न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता व्यवहाराची मुळापासून चौकशी करावी, असे ठरले.

पण त्या कायद्यातील एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. त्या कायद्याखालील शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाने उभे राहू नये, असा त्यात सर्वसाधारण नियम होता! त्याहून मोठ्या दाव्यात समोरच्याचा वकील आला आणि शेतकऱ्याला ऐपत नसली, तर सरकारी वकील किंवा दुसरा लायक माणूस शेतकऱ्यासाठी उभा करण्याची सोय होती. सरकारला आपला कळवळा होता म्हणून हे झाले असे समजू नका, त्याला पुन्हा दंगा नको होता. तरीही पैसेवाल्याचा वकील आणि गरिबाचे मौन यांत न्याय होत नाही, एवढे त्याने कायद्यात लिहून कबूल केले.

तो कायदा आज नाही. आज वकिलाला दाराबाहेर ठेवता येत नाही, ठेवूही नये. पण त्याच्यावर बंधने आहेत. १९६१ च्या वकिलांच्या कायद्याखाली बार कौन्सिलने नियम केले आहेत. एकदा घेतलेले काम वकिलाने सबळ कारण व पुरेशी सूचना दिल्यावाचून सोडू नये. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा आणि मागितल्यास त्याची नक्कल द्यावी. ज्या दाव्यात आपण वकील, त्यातील जमीन हुकूमनाम्याच्या लिलावात स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावाने घेऊ नये. "जमीन सुटली की चौथा हिस्सा माझा" असा करार तर गैरवर्तनच. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली वसुलीतला हिस्सा घेणाऱ्या वकिलास दोषी धरले. २००० साली त्याच न्यायालयाने सांगितले की, फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही. फीसाठी त्याने दावा करावा, कागद मात्र परत द्यावेत. आणि कोर्टाच्या फाटकात तुमचा हात धरणारा दलाल? २०२३ च्या दुरुस्तीने, जी ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे, अशांची यादी कोर्टाने करावयाची आहे. यादीत नाव असून दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पाचशे रुपये म्हणजे त्याच्या एका गिऱ्हाइकाची कमाई, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

तक्रार मुंबईस, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करावयाची. त्यात तथ्य दिसले तर ती शिस्त समितीपुढे जाते. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. ग्राहक न्यायालयाचा रस्ता मात्र १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाला. आणि हेही ध्यानात असू द्या की, सनद गेली म्हणून बांध परत येत नाही. तडजोड फसवून झाली असेल, तर ज्या कोर्टाने तो हुकूमनामा दिला त्याच कोर्टात, विलंब न लावता अर्ज करावा लागतो. आम्ही तो केला नाही.

वकीलवर्गाला सरसकट शिव्या देण्यास आम्ही उभे राहिलो नाही. दावा हरला म्हणजे वकील लबाड, असे होत नाही. खोटी साक्ष पढवून दे म्हणणारा अशील आणि "ते मी करणार नाही" म्हणणारा वकील आम्ही पाहिलेला आहे, आणि त्या अशिलाने गावभर त्या भल्या माणसाची बदनामी केली तीही ऐकली आहे. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर वगैरे मंडळींना शिक्षा झाली. अपिलात बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले आणि सर्व जण सुटले. आंबेडकरांची वकिली तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. वकील काय करू शकतो हे आपल्या चळवळीने असे पाहिले आहे.

बायाबापड्यांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तेथे अर्ज करावा.

शेवटी एक काम. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो. तो वकिलाकडून मागून घ्या. घरातील शाळकरी पोरगीसुद्धा फोनवर तो घालून मागची तारीख कशी गेली, पुढची केव्हा आहे, हे वाचून दाखवील. आज ज्यांनी आपले कागद बरोबर आणले असतील त्यांनी सभेनंतर पारावर थांबावे. कोऱ्या कागदावर अंगठा दिलेला ज्यांना आठवत असेल त्यांनी पुढे बसावे, त्यांचे आधी पाहू.