ब्रँड तुमचा, हक्कही तुमचा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बचत गटांनो, छोट्या उद्योजकांनो, तुमचे मसाले, पापड ऑनलाइन विकताय? मग तुमचेच फोटो लावून कुणी नकली माल खपवणार नाही, याची काळजी घ्या.

आधी ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती आणि लघुउद्योगांना मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण होतं.

नक्कल दिसली, की लगेच स्क्रीनशॉट काढा. तो माल मागवून बिल आणि वेष्टन जपून ठेवा. विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला पुराव्यांसह लेखी कळवा. बनावट ट्रेडमार्क वापरणाऱ्याला १९९९च्या कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कष्टानं कमावलेलं नाव आजच नोंदवा.