पाच बहिणींचा सातबारा



आयोजकांनी मला विषय सुचवला होता, ‘पवित्र शास्त्रातील आदर्श स्त्री’. तो मी नाकारते आहे. मातृदिनाच्या रविवारी आपल्याकडे नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय निघतो. पहाटे उठणारी, घर राखणारी, नवऱ्याची मान उंचावणारी बाई. उपदेश संपला की ऐकणाऱ्या बायका प्रीतिभोजनाची भांडी घासायला जातात. त्याच अध्यायातली ती बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड तयार करून व्यापाऱ्याला विकते, हे मात्र उपदेशात येत नाही. चाकणला सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या आणि सकाळी पुन्हा डबे भरणाऱ्या आमच्या पोरींना पहाटे उठायला शिकवण्याची गरज नाही. शेत विकत घ्यायला शिकवा.

शास्त्राची बाजू मी झाकून मांडणार नाही. लेवीयाच्या 12 व्या अध्यायात मुलगा झाला तर बाळंतिणीच्या शुद्धीचे दिवस 40, मुलगी झाली तर 80. गणना 5 मध्ये नवऱ्याला नुसता संशय आला तरी बायकोने याजकासमोर कडू पाणी प्यायचे. संशय खोटा ठरला तरी नवऱ्याला शिक्षा नाही. इफ्ताहाने नवस केला आणि जीव गेला त्याच्या मुलीचा. लिहिणाऱ्यांचा काळ तसा होता, तो त्यांच्या लेखणीत उतरला. ते गेले. माझे भांडण आज निवडून निवडून वाचणाऱ्यांशी आहे.

ही निवड कशी चालते पाहा. बाईने शिकवू नये, हे तीमथ्याच्या पत्रातले वाक्य आपल्या पंचांना तोंडपाठ. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, 14 व्या अध्यायात, बायकांनी सभेत गप्प राहावे असे आहे, तेही पाठ. पण त्याच पत्राच्या 11 व्या अध्यायात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौलाची तक्रार आहे ती फक्त त्यांच्या उघड्या डोक्याबद्दल. बाईने बोलायचेच नव्हते, तर बोलताना डोक्यावर पदर हवा की नको याची चर्चा कशाला?

आता या निवडीत गळलेल्या बायका पाहा. योशीया राजाच्या काळात मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. त्यातल्या शब्दांबद्दल परमेश्वराला विचारायला राजाने मुख्य याजकाला धाडले. तो गेला हुल्दा नावाच्या विवाहित बाईकडे. यिर्मया संदेष्टा तेव्हा हयात होता, तरी गेला तिच्याकडे. सापडलेल्या ग्रंथाचा निर्वाळा बाईने दिला, आणि आज तोच ग्रंथ पुलपिटावर उघडायला बाईला पंचांच्या बैठकीत ठराव करून घ्यावा लागतो.

मग्दालीया मरीयेचे काय केले? योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू प्रथम तिला भेटतो आणि निरोप घेऊन तिलाच पाठवतो. इ. स. 591 मध्ये पोप ग्रेगरींनी एका प्रवचनात तिला लूकमधल्या निनावी पापी स्त्रीशी जोडून टाकले. रोमन पंचांगाने ही गल्लत सोडवली 1969 मध्ये. एका प्रवचनाने लागलेला बट्टा पुसायला तेराशेहून अधिक वर्षे गेली.

आता मूळ मुद्द्यावर येते. गणना 27. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. सलाफहादाच्या पाच मुली. भाऊ नाही, बाप रानात मेलेला. दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बापाचा वाटा आम्हाला द्या. मोशेने स्वतः निकाल दिला नाही, प्रकरण वर नेले. निकाल आला तो मुलींच्या बाजूने, आणि तोच पुढे कायदा झाला. अर्थात, 36 व्या अध्यायात भाऊबंद येतातच: जमीन वंशाबाहेर जाईल, म्हणून पोरींनी आपल्याच वंशात लग्ने करावीत. भाऊबंदकी तेव्हाही होती. तरी यहोशवाच्या पुस्तकात पाचही बहिणींना वतन मिळाल्याची नोंद आहे.

आज आपल्याकडेही तेच चालते. चाकणच्या या पट्ट्यात एमआयडीसी आली, गुंठ्याला सोन्याचा भाव आला आणि घरोघर हक्कसोडपत्रे तयार झाली. बहिणीला रिक्षात बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न्यायचे, सही घ्यायची, साडी नेसवून परत सोडायचे. ती सही करते, कारण माहेर तुटायला नको. आपली ख्रिस्ती घरे यात मागे नाहीत. गावाकडची दोन एकर असो की काळेवाडीतली दोन गुंठ्यांवरची खोली, रीत तीच. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती आणि यहुदी मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. इथल्या मल्याळी भावंडांना ठाऊक असेल, त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. तिथल्या मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 मध्ये तो कायदा निकालात निघाला. महला आणि नोआ यांच्याच रांगेत मी त्यांना बसवते.

आपल्या मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्राएल बांधवांनाही सोडत नाही. पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीच्या, चित्रांत साडी नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. इतके सुरेख चित्र! पण जुन्या रीतीच्या सभास्थानात सार्वजनिक प्रार्थनेला दहा जण लागतात आणि त्या दहांत बाई मोजली जात नाही. भाकरीला बाई चालते, मोजणीला नाही.

आणि पंडिता रमाबाई! इंग्लंडात चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असे निघाले, तेव्हा हरकत घेतली ती हिंदुस्थानातल्या बिशपांनी. पुढे याच पुणे जिल्ह्यात, केडगावात, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खे बायबल मराठीत आणले. तिथल्या त्यांच्या मुक्तिसदन आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळवले ते आश्रमातल्या मुलींनी. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, बायबल 1924 मध्ये निघाले. केडगावला सहल काढणाऱ्या, रमाबाईंच्या फोटोला हार घालणाऱ्या मंडळ्यांना माझा प्रश्न आहे: ते भाषांतर तुमच्यापैकी किती जणांनी उघडले? ज्या बाईने शास्त्र तुमच्या भाषेत आणले तिच्या लेकींना शास्त्र समजावण्याचा अधिकार नाही, असे कोणत्या तोंडाने सांगता?

पाळकसाहेब, रागावू नका, पण मागणी स्पष्ट करते. येत्या मातृदिनी नीतिसूत्रे बाजूला ठेवा आणि गणना 27 वाचा. वाचणारी आणि उपदेश करणारी बाई असू द्या. त्या दिवशीची भांडी पुरुषांनी घासावीत. आणि प्रत्येक पंचाने उभे राहून मंडळीला सांगावे की त्याच्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे की नाही.

भगिनींनो, तुम्हाला एवढेच सांगते: माहेरून रिक्षा आली तर कागद आधी स्वतः वाचा, आणि हक्कसोडपत्र असेल तर सही करू नका.