यंदा नाटक कुठलं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. कमिटीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढलं आहे.)



मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलात, सोसायटीची नाट्यसहल. सतरा वर्षं तिकिटं मीच काढतोय, त्यामुळे बोलणी खाण्याचा अनुभवही माझाच दांडगा!

मुलुंडकरांना नाटकांचा दुष्काळ नाही. आपलं कालिदास हाकेच्या अंतरावर. एक स्टेशन पुढे गेलं की ठाण्याचं गडकरी रंगायतन. दादरला उतरलं की शिवाजी मंदिर, माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिर, आणि गाडी बदलायची तयारी असेल तर पार्ल्याचं दीनानाथ. रविवारचा पेपर उघडावा, जाहिरातींचे चौकोन बघावेत, की डोकं गरगरतं. त्यात आपल्या इमारतीची तऱ्हा. ए विंगला फक्त हसायचं असतं. बी विंगमधल्या ज्येष्ठांना संगीत नाटक हवं. पण १९६७ साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'तले वसंतराव देशपांडे त्यांच्या कानांतून अजून हललेले नाहीत, त्यामुळे नव्या संचातलं कुणीच त्यांना पसंत पडत नाही. पोरांचं आणखी वेगळं. २०२३ च्या मे महिन्यात बीकेसीला 'साउंड ऑफ म्युझिक' आलं, तेव्हा सगळ्यांना तिकडे न्या म्हणून त्यांनी अर्जच दिला होता. चाळीस तिकिटांचा हिशेब मांडला आणि कमिटीने मुकाट्याने चहा मागवला.

मग मी निवडायचो कसं? सरळ होतं. ज्या नाटकावर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागते ते घ्यायचं. बोलणी कमी बसतात.

आता जे सांगतो ते हिला विचारून सांगतो. ही समोरच बसली आहे.

सहासात वर्षांपूर्वी आपण एका तुफान विनोदी नाटकाला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण नाटक चांगलंच होतं. सहा पात्रं, दारं सतत उघडतायत-बंद होतायत, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं. सगळं थिएटर लोळत होतं. हीसुद्धा हसत होती. पण मला काहीतरी खटकलं. तिचं हसू सगळ्यांच्या मागून यायचं. आधी माझ्याकडे बघायची, मी हसलो की मग हसायची. मध्यंतरात बटाटावडा घेतला, मी काही बोललो नाही. घरी आल्यावर विचारलं, "काय आवडलं तुला?" म्हणाली, "सेट छान होता हो."

पस्तीस वर्षं संसार केला, आणि हिला कमी ऐकू येतंय हे मला नाटकाच्या खुर्चीत कळलं. घरी टीव्ही मोठा लावायची, हाक मारली की ओ द्यायची नाही, तेव्हा मी चिडायचो. चक्क चिडायचो. तिने कधी सांगितलं नाही, कारण मग पुढच्या सहलीला "मी कशाला येऊ" असं झालं असतं. आणि नाटकाचं वेड मूळचं तिचं, माझं नाही. लग्नाआधी 'तो मी नव्हेच' तिने तीनदा पाहिलेलं. लखोबाचं बोलणं अजून करून दाखवते.

कानाचे डॉक्टर, तपासणी, मशीन हे सगळं पुढे रीतसर झालं. ते इथे सांगत बसत नाही. पण पुढचं नाटक मी वेगळ्या तऱ्हेने शोधलं. 'संगीत देवबाभळी' तेव्हा नवीन होतं, २०१७ च्या अखेरीस आलेलं. रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि लखुबाईच्या रूपातली रखुमाई. कोण बोलतंय ते शोधावं लागत नाही. गोष्टही हिच्या ओळखीची. भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुतला आणि विठोबाने तो काढला, हे तिने आजीकडून ऐकलेलं. तिकीटखिडकीवर मी भीत भीत म्हटलं, "हिला जरा कमी ऐकू येतं." आतल्या माणसाने प्लॅन माझ्याकडे वळवला आणि पेन्सिल ठेवली तिसऱ्या रांगेत, मधोमध. म्हणाला, "कडेला भोंगा जवळ पडतो, पण नुसता आवाज मोठा येतो, शब्द फुटतात. इथून तोंडं दिसतील." हिचा उजवा कान बरा, म्हणून मी तिच्या डाव्या बाजूला बसलो. म्हटलं, उजव्या कानाशी नाटकच राहू दे, माझी कुजबुज नको.

त्या दिवशी तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आवली विठ्ठलावर करवादली तेव्हा ही सगळ्यांच्या आधी हसली, आणि शेवटी रडलीही. बसमध्ये ए विंगची तक्रार होतीच, "अहो, रडवलंत की!" ऐकून घेतलं.

तर यंदाचं. रविवार, दुपारी चारचा प्रयोग, म्हणजे रात्री परतायची घाई नाही. नाटक विनोदीच आहे, ए विंगने टाळ्या वाजवायला हरकत नाही. नावं वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहा, पैसे आधी. आणि ज्यांना ऐकू कमी येतं, जिना चढवत नाही, तासाभराने उठावं लागतं, त्यांनी वहीत लिहू नका, मला जिन्यात गाठून सांगा. प्लॅन उघडायच्या दिवशी मी सकाळीच खिडकीवर असतो.

ही मान हलवतेय. म्हणजे मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं असणार. थांबतो.